बागतोड्याची फिर्याद

“मग त्यानं काय पुण्य केलं म्हणायचं?”

सिद्राम माळगे हे विचारत विचारतच मठाच्या पायऱ्या चढला. चपला पायातच होत्या. टेकडी चढून धाप लागली होती, पण रागापुढे त्याला धापेचं भान नव्हतं.

चन्नवीर स्वामींनी मान वर केली नाही. गाव त्यांना अय्या म्हणे. टेकडीवरच्या त्या एवढ्याशा मठात ते एकटे राहत आणि विभूती आपल्या हातानं करत. गोवऱ्या जाळून झाल्या होत्या. आता पुढ्यात परात घेऊन ते राख फडक्यातून गाळत होते, आणि त्यांचे हात कोपरापर्यंत पांढरे झाले होते.

“चपला,” अय्या म्हणाले.

सिद्रामनं त्या काढल्या. काढल्या म्हणजे पायऱ्यांवरून खाली भिरकावल्या. एक जाऊन कडुनिंबाच्या बुडाशी पडली.

“आता बोल. कुणाचं पुण्य?”

“विरूपाक्षाचं. वकीलबाई म्हणतात, त्याला काही हुईलसं दिसत न्हाई.”

अय्यांचा हात फडक्यावरच थांबला.

“काहीच?”

“काहीच.”

…

विरूपाक्ष चौगुले म्हणजे सिद्रामचा बांधाला बांध लागून असलेला शेजारी. पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून दोघांचं वाकडं होतं, आणि ते गावात शेंबड्या पोराला विचारलं तरी त्यानं सांगितलं असतं. अशात ऐन फेब्रुवारीत, माल उतरायला आला असताना, कुणीतरी रात्रीतून विरूपाक्षाची द्राक्षबाग कापली. एकूण एक वेल बुडातून. मांडवाखाली राखणीला निजलेल्या म्हाताऱ्याचं डोकं फोडलं. म्हातारा वाचला, पण मारलं कुणी ते त्याला सांगता येईना.

सकाळी गाव बघायला लोटलं. घड मांडवाला तसेच लोंबत होते आणि पानं मलूल व्हायला लागली होती. ज्यानं केलं त्याचे हात झडोत, असं बायका म्हणाल्या. सिद्रामही म्हणाला. तो तिथंच उभा होता.

दुपारी विरूपाक्षानं पोलिसांत फिर्याद दिली. आपण बॅटरीच्या उजेडात सिद्राम माळगेला कुऱ्हाड घेऊन पळताना पाहिलं. तोंड नीट ओळखलं. शंकाच नाही.

आणि सिद्राम त्या रात्री इथं होता, या मठात.

अय्यांना कडक ताप भरला होता. सिद्राम त्यांच्या उशाशी बसून कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत होता, उजाडेपर्यंत. टेकडीवर तिसरं माणूस नव्हतं.

एवढं सांगून सुटका व्हायला हवी होती. पण आपल्याकडे आरोप धावत येतो आणि खरं मागून लंगडत येतं. सिद्रामवर खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा लागला, जामीन अडला, तारखेवर तारीख पडत गेली, आणि काही न केलेला माणूस तुरुंगात सडत राहिला.

तुरुंगाच्या दारात झडती झाली तेव्हा शिपायानं त्याच्या गळ्यातला शिवदोरा कापला. दोरा आत चालत नाही, माणसं गळफास घेतात, असं त्याला सांगितलं. दोऱ्याबरोबर इष्टलिंगही गेलं. लिंगायताच्या पोराच्या अंगावर लिंग बांधतात ते मातीत जाईपर्यंत उतरायचं नसतं. ते उतरलं की माणूस जिता असून मेल्यात जमा. शिपायानं ते एका टोपलीत टाकलं, लोकांच्या करदोट्यांवर आणि कमरेच्या पट्ट्यांवर. सिद्राम मागे वळून टोपलीकडे बघत राहिला, तर त्याला पुढे ढकललं.

बाप गेला तेव्हा त्याला पोलिसांच्या गाडीतून आणलं. लिंगायतांच्या रीतीनं खड्ड्यात बापाला बसवलेलं होतं. सिद्रामनं एका हातानं माती लोटली. दुसरा हात हवालदाराच्या हाताला बेडीनं बांधलेला होता, त्यामुळे हवालदारालाही वाकावं लागलं.

ऑक्टोबरची छाटणी चुकली आणि त्याची स्वतःची बाग वाया गेली. लेकीचं ठरलेलं लग्न मोडलं. गावानं त्याला नाव ठेवलं, बागतोड्या.

अखेर अय्या साक्षीला उभे राहिले. सरकारी वकील हसून म्हणाला, “स्वामी, तुम्हाला ताप होता म्हणता. मग गुंगीतच असणार. उशाशी कोण होतं हे कसं कळलं?” अय्यांनी गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेतलं आणि म्हणाले, “डोळं मिटलेलं हुतं. पण कपाळावर ज्याचा हात हुता, त्याला मी लहानपणापासनं वळकतो.”

न्यायाधीशांनी तेवढ्यावर विश्वास ठेवला. दुसरं काही ठेवण्यासारखं नव्हतंच. सिद्राम निर्दोष सुटला, अय्यांनी त्याच्या गळ्यात पुन्हा लिंग बांधलं, आणि तो घरी गेला. पोरं मात्र अजून बागतोड्याच म्हणत होती.

…

“काहीच का न्हाई?” अय्यांनी विचारलं. “खोटी फिर्याद देणाऱ्याला शिक्षा हाय म्हणत हुतास.”

“हाय की. चांगली सक्तमजुरी हाय. एवढा मोठा गुन्हा दुसऱ्याच्या नावावर घातला तर वर्षानुवर्षं आत जातो माणूस. बाईंनी मला वाचून दाखवलं. ऐकून मला वाटलं, चला, माझ्याबी बाजूचं काहीतरी लिहून ठेवलंय कुणीतरी.”

“मग?”

“मग खाली मेख हाय.” सिद्राम आता कुठे पायरीवर टेकला. “फिर्याद खोटी निघाली म्हणून भागत न्हाई. ती खोटी हाय हे त्याला देताना ठावं हुतं, हे दाखवावं लागतं. विरूपाक्ष काय म्हणणार? अंधार हुता, चूक झाली, दुसऱ्याला बघून मला सिद्राम वाटला. झालं. चुकीला शिक्षा न्हाई.”

“चूक?”

“चूक.”

अय्यांनी हातातलं फडकं परातीत आपटलं. राख उडाली आणि दोघांच्या मधे तरंगत राहिली.

अय्यांचा राग सगळ्या तालुक्याला माहीत होता. एका आमदाराला त्यांनी मठाच्या दारातून परत पाठवलं होतं, कारण तो देवापुढं उभा राहून फोनवर बोलत होता. भगव्या कपड्यातला माणूस म्हणजे शांत, अशी ज्यांची समजूत असते त्यांनी अय्यांकडे जाऊ नये.

“चूक कशाची,” ते म्हणाले. “तुझ्या बापाला मी मंत्र दिला. खड्ड्यात उतरून त्याच्या हातावर लिंग मी ठेवलं. तुला बेडीत बघितलं त्या दिवशी माझ्या तोंडाला मंत्राऐवजी शिवी आली हुती. मी ती गिळली.”

सिद्रामला हे माहीत नव्हतं.

“विरूपाक्षाला माफ कर, हे ऐकायला आलायस का माझ्याकडं?”

“न्हाई.”

“बरं झालं. मला ते सांगता आलं नसतं.”

“तरी दर सोमवारी त्याच्या दारात भिक्षेला थांबता तुम्ही,” सिद्राम म्हणाला. हे बरेच दिवस त्याच्या पोटात होतं. “माझ्या दारातली भिक्षा घेऊन पुढं जाता, आणि त्याच्या दारात घंटा वाजवता. माझी लेक बघती ते.”

“थांबतो. दार बघून झोळी पुढं करायची नसती.”

“आणि खाता त्याचं?”

“गाईला घालतो. गाय खाती. तिला खटल्यातलं काही कळत न्हाई.”

सिद्रामला हसू आलं असतं, पण तो हसायला आला नव्हता. तो उठून परातीजवळ आला आणि उकिडवा बसला.

“अय्या, ह्यातनं एक वाट हाय.”

“सांग.”

“बाईंनी मला विचारलं, विरूपाक्ष कधी कुणाजवळ बोललाय का, की मी मुद्दाम नाव घातलं म्हणून. मी म्हटलं, बोलला असंल. विचारून सांगतो.”

“बोललाय?”

सिद्रामनं खाली बघितलं. राखेत त्याच्या श्वासानं बारीकसा खळगा पडला होता.

“तुमच्याजवळ बोलला,” तो म्हणाला.

…

खालून, गावाच्या बाजूनं, कुणाचातरी ट्रॅक्टर चढ चढत होता. तो थांबेपर्यंत अय्या राखेकडं बघत राहिले.

सिद्रामला वाटलं, आता उठतील आणि चपलांपाठोपाठ मलाही भिरकावतील. तो त्यालाही तयार होता. मार खाऊन परत विचारायचं, असं ठरवूनच तो टेकडी चढला होता. लेकीचं लग्न परत जुळायचं असेल, तर ज्यानं नाव घातलं त्याला बेडी पडलेली गावानं डोळ्यांनी बघायला हवी. नुसतं सुटून येऊन काय उपयोग? सुटलेल्याला गाव सुटलेलाच म्हणतं, निर्दोष म्हणत नाही.

“बोलतो,” अय्या म्हणाले.

“काय?”

“साक्ष देतो. पण मला हे जमत न्हाई, मी कधी केलेलं न्हाई. तू शिकव.”

अय्या उठले. मठाच्या ओसरीला एक लाकडी खांब होता, त्याला धरून ते सरळ उभे राहिले, कोर्टात कठड्याला धरून उभे राहिले होते तसेच. खांबावर पांढरी बोटं उमटली.

“मी साक्षीला हाय. तू सांगत जा, मी ध्यानात ठेवतो. वार कुठला?”

“सोमवार,” सिद्राम म्हणाला. “भिक्षेचाच दिवस.”

“महिना?”

“श्रावण. गेला श्रावण.”

“पाऊस?”

“भुरभुर हुती. तुमच्या अंगावर घोंगडं हुतं.”

“घरात कोण?”

“कोण न्हाई. बायको पंचमीला माहेरी गेलेली. पोरं तिच्याबरोबर.”

“मग झोळीत कुणी घातलं?”

“त्यानंच. जोंधळ्याचं पीठ. थोडं उंबऱ्यावर सांडलं.”

“सांडलं?”

“सांडलं. ते पुसायला खाली वाकला, आणि वाकला तसा तुमच्या पायावर पडला. रडला. म्हणाला, अय्या, सिद्रामला मी बघितलाच न्हाई. बॅटरीच नव्हती माझ्याकडं. पाण्याचा राग मनात हुता, तोंडातनं त्याचंच नाव गेलं…”

सिद्राम बोलता बोलता थांबला. उंबऱ्यावरचं पीठ त्याला स्वच्छ दिसत होतं. पावसाच्या ओलीनं त्याची कड काळी पडली होती, तीसुद्धा दिसत होती. हे सगळं त्यानं घरून ठरवून आणलं नव्हतं. सोमवारचं आणि कबुलीचं तेवढं ठरवलं होतं. पीठ आपोआप आलं होतं.

“छान सांगतोस,” अय्या म्हणाले. “बॅटरीच्या उजेडात बघितल्यासारखं.”

सिद्राम ताडकन उठला.

“त्याची आणि माझी बरोबरी करू नका, अय्या. त्यानं खोटं सांगून खोटंच केलं. मी खऱ्यासाठी सांगतोय.”

“खऱ्यासाठी खोटं कशाला लागतं?”

“पुरावा न्हाई म्हणून. खरं काय ते अख्ख्या गावाला ठावं हाय, पण पुरावा न्हाई.”

“त्यालाबी तसंच वाटलं असंल,” अय्या म्हणाले. “बाग तर त्याची खरीच कापली हुती.”

“म्हणजे मी कापली?”

“मी तसं म्हणालो न्हाई.”

“मग काय म्हणालात? काय म्हणालात तुम्ही?” सिद्रामचा आवाज चढला आणि मठाच्या गाभाऱ्यात घुमला. “बाप गेला माझा. बाग गेली. पोरगी घरात बसलीय, पाण्याला जाताना डोईवरनं पदर ओढून जाती, बागतोड्याची म्हणून. आणि त्यो चौगुले जत्रेत पालखीला खांदा देतोय. त्याचा एक केस वाकडा झाला न्हाई. कायदा त्याला विचारतो, बाबा, तुला ठावं हुतं का रं? आणि त्यो न्हाई म्हणतो, आणि कायदा म्हणतो बरं. मला कुणी विचारलं हुतं? माझ्या गळ्यातला दोरा तोडताना कुणी विचारलं, बाबा, तुला काही ठावं हाय का?”

तो नाक पुसत उभा राहिला, आणि नाक पुसावं लागतंय याचाही त्याला राग आला.

अय्यांनी त्याला शांत हो म्हटलं नाही.

ते खांबापासून दूर झाले. राखेचे हात त्यांनी गळ्याशी नेले, मानेमागची गाठ चाचपली आणि सोडायला लागले. गाठ जुनी होती. सुटेना तशी त्यांनी ती दातांजवळ ओढली.

सिद्रामला आधी कळलंच नाही काय चाललंय. कळलं तेव्हा दोरा सुटला होता.

“अय्या…”

“हात पुढं कर.”

“अय्या, काय करताय? काढू नका.”

“हात कर म्हटलं ना.”

लहानपणापासून अय्यांनी हात कर म्हटलं की त्यानं हात पुढं केला होता. आताही केला. अय्यांनी आपलं लिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवलं. ते कोमट होतं. लिंग ठेवायच्या चांदीच्या पेटीवर घाम होता, आणि दोऱ्यावर राखेचे ठसे होते.

“कोर्टात मागच्या टायमाला हे हातावर घेऊन बोललो,” अय्या म्हणाले. “ह्या टायमाला घेऊन जाता यायचं न्हाई. मी बोलून येईस्तवर तुझ्याकडं ठेव. शिपायानं टोपलीत टाकलं हुतं तुझं. तू तसं टाकू नकोस.”

त्यांचा गळा उघडा पडला होता. दोऱ्याच्या जागी वर्षानुवर्षं ऊन न लागलेल्या कातडीची पांढरट रेघ होती. सिद्रामनं ती कधी पाहिली नव्हती. कुणीच पाहिली नसावी. तुरुंगाच्या दारात आपल्याही गळ्यावर अशीच रेघ दिसली असेल, असं त्याच्या मनात आलं. तो खाली बसला. हात मात्र त्यानं वर धरून ठेवला, लिंग जमिनीला लागू नये म्हणून.

“परत बांधा,” तो म्हणाला.

“कसं बांधू? उद्या कोर्टात जायचंय ना?”

…

अय्या परातीपुढं बसले. त्यांनी फडकं उचललं आणि राख गाळायला सुरुवात केली, उघड्या गळ्यानं.

शहाणा माणूस इथं उठला असता. लिंग परत बांधून, पाया पडून, चपला गोळा करून घरी गेला असता. सिद्राम शहाणा होता, पण त्याच्यावर अन्याय झाला होता, आणि अन्याय झालेल्या माणसाचा हट्ट फार चिवट असतो. त्याच्या हातात लिंग होतं आणि डोळ्यांपुढं विरूपाक्ष होता, पालखीला खांदा दिलेला.

“अय्या,” तो हळू आवाजात म्हणाला. “एकदाच. पुन्हा कधी मागायचो न्हाई. पाप लागंल ते माझ्या डोईवर घेतो, शिवाच्या हितं उभा राहून सांगतो. तुम्हाला नुसतं बोलायचं हाय. तुम्ही म्हणाल ते कोर्ट खरं धरतंय. एकदा धरलंय की न्हाई? मला सोडवलं ते तुमच्या एका शब्दानंच. तोच शब्द…”

अय्यांचे हात थांबले.

“तोच शब्द,” ते म्हणाले.

“हां. तोच शब्द पुन्हा एकदा.”

अय्यांनी पहिल्यांदाच त्याच्याकडं रोखून बघितलं. राग त्यांच्या डोळ्यांत होता, पण आता त्यात आणखी काहीतरी आलं होतं. एखाद्या ओळखीच्या माणसाला भर बाजारात बघून हा तोच का, असं वाटावं तसे ते बघत होते.

“सिद्राम.”

“जी.”

“त्या राती मला ताप हुता…”

“हुता की.”

“डोळं मिटलेलं हुतं.”

तळहातावरचं लिंग सिद्रामला अचानक जड लागायला लागलं.

अय्या पुढं वाकले.

“माझ्या कपाळावर हात कुणाचा हुता रं?”